उसना आवाज

द्राक्षांची विरळणी सुरू झाली की बागेत एक बारीक आवाज भरून राहतो. बाहेरच्या माणसाला तो कळायचा नाही. मांडवाखाली बाया माना वर करून उभ्या असतात, प्रत्येकीच्या हातात बोटभर कात्री, आणि दाटीने लागलेल्या घडांतले जास्तीचे मणी कापणं चाललेलं असतं. सगळ्या कात्र्या एकदम चालायला लागल्या की चुटचुट, चुटचुट अशी एकच लय बागेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाते. खाली वाटाण्याहून लहान हिरव्या मण्यांचा सडा पडतो, पायाखाली चुरडतो, आणि त्याचा आंबटतुरट वास नाकात असा बसतो की आंघोळ केली तरी जात नाही. पानांवरचं दव मानेवर टपकतं. आजूबाजूला ऊस उभा असतो आणि उसात बिबट्या असतो, त्यामुळे बाया उन्हं वर आल्याशिवाय येत नाहीत आणि उन्हं कलली की थांबत नाहीत. मधल्या वेळात जेवढं होईल तेवढं काम.

यंदाही हिराबाईची टोळी आली. हिराबाई जुन्नरच्या पश्चिमेकडची. दर वर्षी तिकडच्या बाया जमवून जीप भरून आणते आणि आमच्या बागेची विरळणी करून देते. आली, पिशवी खांबाला अडकवली, वर बघितलं आणि नेहमीचंच बोलली, "भाऊ, यंदा माल लई दाट हाये."

मी म्हटलं, "हो."

या वाक्याला उत्तर द्यायचं काम माझं नव्हतंच कधी. ते शैलाचं काम. "दाट हाये म्हणून तर तुमाला बोलावलं हिराबाई, न्हाईतर काय आमच्या ह्यांचं तोंड बघायला?" असं ती म्हणायची, आणि सगळी टोळी फिदीफिदी हसायची. दर वर्षी तेच वाक्य, दर वर्षी तेच हसू. यंदा हिराबाईने थोडा वेळ वाट बघितली, सवयीने. मग डोक्याला फडकं बांधलं आणि कात्री हातात घेतली. मी उगाच पंपघराकडे गेलो.

शैला म्हणजे माझी बायको. तिला जाऊन अजून वर्ष व्हायचंय. बास्केटबॉलची कोच होती. साधीसुधी नव्हे, चांगली नावाजलेली, पगारी, विमानाने जाणारी-येणारी. पेपरात फोटो यायचे. नारायणगावच्या मार्केटला मी द्राक्षं घेऊन गेलो की व्यापारी भावाचं नंतर बोलायचे, आधी विचारायचे, "काय राव, मॅडमची टीम काय म्हणतीय?" मला कोणी नावाने ओळखतच नव्हतं. मी म्हणजे मॅडमचे मिस्टर. सुरुवातीला राग यायचा, खोटं कशाला बोलू. नंतर सवय झाली, आणि सवयीचं कधी कौतुक झालं ते कळलंच नाही.

तिचं माहेर पारगावकडचं, उसाच्या रानातलं. तिच्या शाळेत एक पीटीचे मास्तर होते. त्यांनी लोहाराकडून लोखंडी कडं करून घेतलं आणि शाळेमागच्या चिंचेला ठोकलं. त्या कड्यात बॉल टाकता टाकता ही मुलगी वाढली, आणि जरा जास्तच वाढली. आमच्याकडे उंच मुलगी म्हणजे घरच्यांच्या जिवाला घोर. एवढ्या उंच पोरीला नवरा आणायचा कुठून? तर मी सापडलो, तिच्यापेक्षा चार बोटं बुटका. हार घालायच्या वेळी मांडवात खसखस पिकली. मी हळूच टाचा उचलल्या. तेव्हा ती माझ्या कानाशी पुटपुटली, "अहो, टाचा नका उचलू, पडाल. मी वाकते." ते तिचं माझ्याशी पहिलं बोलणं. आजही कोणी विचारलं की तुमचा संसार कसा झाला, तर मला एवढंच सांगावंसं वाटतं.

पतियाळाला जाऊन तिने प्रशिक्षकाचा कोर्स केला, तोही लग्नानंतर. त्यावरून घरात जे रामायण झालं ते आता सांगत बसत नाही. सांगणारे आणि भांडणारे दोघंही गेले. आधी गावाकडच्या शाळेच्या मुली तिने जिल्ह्याला, मग राज्याला नेल्या. मग पुण्याच्या एका क्लबाने तिला महिलांचा संघ सांभाळायला बोलावलं. मग राज्याचा संघ, मग परराज्यांतली बोलावणी. कप इतके आले की पुढे पुढे ती घरी आणायचीच नाही. म्हणायची, "ठेवू कुठं? तुमच्या फवारणीच्या औषधांच्या डब्यांनी घर भरलंय." रविवारी एसटीने यायची, सोमवारी पहाटेच्या गाडीने जायची. आणि गंमत म्हणा नाहीतर दैव म्हणा, तिचा हंगाम आणि माझा हंगाम एकच. दिवाळीनंतर तिचे सामने सुरू, इकडे माझी विरळणी. महाशिवरात्रीच्या सुमाराला तिची फायनल, इकडे माझी तोडणी. दर वर्षी मी चिडायचो, "ऐन कामाच्या दिवसांत तू कधी घरी असतेस?" ती म्हणायची, "आणि ऐन कामाच्या दिवसांत तुम्ही कधी मॅच बघायला येता?" दोघांचंही खरं होतं, त्यामुळे भांडण कधी मिटलं नाही.

आणि तिचा आवाज! अबब. बागेच्या वरच्या टोकाला उभी राहून तिने "अहो" म्हटलं की खालच्या रस्त्यावरून जाणारा मोटारसायकलवाला मागे वळून बघायचा. तिच्या मुली म्हणायच्या, मॅडम कानात सांगतात ते समोरच्या टीमला पण ऐकू जातं. पण जाऊन उपयोग नव्हता, कारण तिची भाषा तिकडच्यांना कळायची नाही. सगळी भाषा आमच्या बागेतली. पाच मुली एका कोपऱ्यात गोळा झाल्या की ही बाकावरून ओरडायची, "विरळणी! विरळणी करा!" दाटी झाली की घड सडतो, मण्याला वाढायला जागा लागते, हे ती इतक्या वेळा घोकून घ्यायची की पुण्या-मुंबईच्या इंग्रजी शाळेतल्या मुलींच्या तोंडीही तो शब्द बसला. त्यासाठी ती दर डिसेंबरात एक दिवस सगळा संघ इकडे आणायची. आधी ओझरला गणपतीचं दर्शन, मग बागेत. प्रत्येकीच्या हातात कात्री. एक मुलगी एकदा घड धरून तशीच उभी राहिली. म्हणाली, "मॅडम, हा मणी तर चांगला आहे. हा कसा कापू?"

शैला म्हणाली, "सगळे चांगलेच आहेत. तरी कापायचे."

तेव्हा हिराबाईच्या टोळीसकट सगळ्या हसल्या. मला मात्र माहीत होतं ती कशाबद्दल बोलतेय. दर हंगामाला संघ निवडताना बारा जणी ठेवायच्या आणि बाकीच्यांना घरी पाठवायचं. ते तिलाच सांगावं लागायचं. त्या रविवारी ती घरी आली की जेवायची नाही. पाटाच्या पाण्यात पाय सोडून बसायची. मी चहा नेऊन दिला की म्हणायची, "आज एका पोरीला रडवून आले." असं रडवलेल्यांतली एक स्नेहल. आंबेगाव तालुक्यातली, वडील एसटीच्या वर्कशॉपमध्ये. पहिल्या वर्षी शैलाने तिला काढलं. दुसऱ्या वर्षी ती पुन्हा आली, आणि पुढे तीच संघाची कप्तान झाली. शैलाचा तिच्यावर भारी जीव. तिला कधी बोलून दाखवलं नाही, मला मात्र रोज ऐकावं लागायचं.

मागच्या आठवड्यात स्नेहलचा फोन आला. मागे हॉलमधला गलका, बॉल आपटण्याचे आवाज, आणि त्यातून कोणीतरी कोवळ्या गळ्याने ओरडलं, "विरळणी!" मी फोन कानापासून जरा लांब धरला. ती विचारत होती, "काका, यंदा पण येऊ का आम्ही बागेत?" म्हटलं, या. आल्या. नेहमी बडबडणाऱ्या मुली, त्या दिवशी मांडवाखाली एकही बोलली नाही. हिराबाईलाच सहन झालं नाही. म्हणाली, "पोरींनो, गाणं म्हणा की एखादं. मण्याला काय कान न्हाईत, पर आमाला हायेत." कोणी म्हटलं नाही. जाताना प्रत्येकीने माझ्या पाया पडून घेतलं. मी म्हटलं, अगं, मी काय देव आहे का. आणि मग मलाच हुंदका आवरेना.

तिचा घसा बसला तो दोन वर्षांपूर्वीच्या विरळणीत. पण कोचचा घसा बसणारच. आणि आमच्याकडे हंगामात कोणाचा घसा धड असतो? रोज औषधाची फवारणी, पहाटेचं दव, धूर. मी खोकतो, हिराबाई खोकते, शेजारचा खोकतो. हंगाम संपला की सगळ्यांचे घसे आपोआप उघडतात. आम्ही त्याला दुखणं म्हणतच नाही. ज्येष्ठमध झाला, हळद-दूध झालं, हिराबाईने रानातली कसली तरी साल आणून दिली. "उकळून प्या वैनी. तोडणी झाली की आवाज मोकळा व्हतो." तीही तेच म्हणत होती, तिच्या मुलीही तेच म्हणत होत्या, क्लबाचे लोकही तेच म्हणत होते. तोडणी झाली, फायनल झाली, उन्हाळा आला. माझा घसा उघडला, हिराबाईचा उघडला. शैलाचा उघडला नाही.

श्रावणात पुण्याला ऑपरेशन झालं. डॉक्टर समजूतदार होते, त्यांनी सरळ सांगितलं की स्वरयंत्र काढावं लागेल. शैलाने घोगऱ्या आवाजात विचारलं, "दिवाळीपर्यंत उभी राहीन ना मी?" डॉक्टरांना वाटलं फराळाचं विचारतेय. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी स्नेहल आली होती. मोबाइल पुढे करून म्हणाली, "मॅडम, एकदा बोला ना काहीतरी, जपून ठेवते." शैला उखडली. "मी मेले का गं?" सकाळी स्ट्रेचरवरून नेताना तिने मला जवळ बोलावलं. मी वाकलो. ती म्हणाली, "अहो, पावसाचं झालंय, बागेत औषध मारून घ्या." तिच्या गळ्यातून आलेलं ते शेवटचं वाक्य. लोकांना वाटतं शेवटचं काहीतरी मोठं बोलायचं असतं. आमचं हे असं.

नंतर तिच्या मानेला एक भोक राहिलं. त्यातून ती श्वास घ्यायची. त्यावर पातळ सुती फडकं बांधायची. दवाखान्याने बोलायचं एक यंत्र दिलं होतं, गळ्याला लावायचं. तिने एकदाच लावून बघितलं. त्यातून जो सपाट, कुणाचाच नसलेला आवाज आला तो ऐकून तिने माझ्याकडे बघितलं, यंत्र डब्यात घातलं आणि डबा कपाटात वर टाकला. मग मला हाक मारायला ती दोन टाळ्या वाजवायला लागली. "अहो"च्या जागी दोन टाळ्या. घरात टाळ्या वाजल्या की मी हातातलं टाकून धावायचो. तिच्या "अहो"ला मी आयुष्यात कधी एवढ्या चपळाईने ओ दिली नव्हती.

दिवाळीच्या आत क्लबाचे सेक्रेटरी घरी आले. भला माणूस. फुलं आणली, फळं आणली, बागेचं कौतुक केलं. मग चहाच्या कपात बघत म्हणाले, "ताई, यंदा तुम्ही सल्लागार म्हणून राहा. आराम करा. बाकावर दुसरं कोणीतरी बसवू." शैलाने मान हलवली. ते पुन्हा तेच जरा वेगळ्या शब्दांत म्हणाले. तिने पुन्हा मान हलवली आणि माझ्याकडे बोट केलं. मला वाटलं, मला आणखी चहा आणायला सांगतेय. तिने आपल्या गळ्यावर हात ठेवला, मग तोच हात माझ्या गळ्याकडे नेला. सेक्रेटरींना आधी कळलं. म्हणाले, "अहो पण ताई, ह्यांना खेळातलं..." ती हसली. खेळातलं मला ओ की ठो कळत नव्हतं, हे तिच्याइतकं कोणाला माहीत असणार? शेवटी ठरलं की माझं नाव मॅनेजर म्हणून लावायचं, मी तिच्या शेजारी बसायचं, ती हाताने सांगेल ते ओरडायचं. पहिले सामने बघायचे. जमलं नाही तर मात्र दुसरा कोच.

ते गेल्यावर मी म्हटलं, "कशाला हट्ट करतेस? जीव वाचलाय तो सांभाळ." ती ओठांनी सावकाश बोलली, म्हणजे मला वाचता यावं म्हणून. "बाक गेला तर जीव कशाला?"

मी बागेत उभा राहून ओरडायची प्रॅक्टिस करायला लागलो. ती ओळीच्या एका टोकाला, मी मधे, हिराबाईची टोळी प्रेक्षक. शैलाने दोन्ही हातांची बोटं फाकवली की मी ओरडायचो, "विरळणी!" तळवा जमिनीकडे दाबला की "हळू!" मनगट फिरवलं की "बाजू बदला!" बाया हसून हसून वाकायच्या. हिराबाई म्हणाली, "भाऊ, आता खरे बायकोच्या ताब्यात आला तुमी."

पहिल्या सामन्याला माझी पार त्रेधा उडाली. एक तर माझी टोपी बघून पंचाला वाटलं कोणीतरी पालक चुकून बाकावर बसलाय. त्यात हॉलमध्ये तो गलका, शिट्ट्या, बुटांचं किरकिरणं. शैलाने दोन्ही हातांची ओंजळ करून ती खालून वर, वरून खाली अशी हलवली. तिला म्हणायचं होतं, मागे या, आपल्या कड्याखाली खाली वाकून उभ्या राहा. पण आमच्याकडे घड औषधाच्या मगात बुडवतात ना, ते हुबेहूब तसंच दिसतं. मी बेंबीच्या देठापासून ओरडलो, "डिपिंग करा! डिपिंग!"

क्षणभर सगळ्या जागच्या जागी थिजल्या. पण बागेत येऊन गेलेल्या मुली त्या. स्नेहलला काय सुचलं कोण जाणे, ती पळत मागे गेली आणि कड्याखाली गुडघ्यात वाकली. बाकीच्या तिच्या मागे. समोरच्यांना शिरायला फटच मिळाली नाही. शैला कपाळावर हात मारून हसत होती, आवाजाशिवाय, आणि मानेवरचं फडकं हसण्याने हलत होतं. त्या दिवसापासून त्या बचावाचं नाव डिपिंगच पडलं. आणि बाक राहिला.

मग सामन्यामागून सामने झाले. थंडी वाढत गेली. आठवड्यातले दोन दिवस मी बागेत, बाकीचे तिच्याबरोबर. बाग हिराबाईच्या भरवशावर टाकली, आणि तिने ती स्वतःची असल्यासारखी राखली. एकदा मोक्याच्या वेळी न राहवून मी माझ्याच मनाचं ओरडलो, "अगं मार की आता!" तिने फाडकन दोन टाळ्या वाजवल्या. घरी येताना गाडीत ती ओठांनी म्हणाली, "माझा आवाज माझाच राहू द्या. तुमचा तेवढा बागेत वापरा." मी म्हटलं, "जी मॅडम." दोघं हसलो. त्या हंगामात आम्ही खूप हसलो, हे कोणाला सांगून पटायचं नाही.

एक गोष्ट मात्र मनातून जात नाही. इतकी वर्षं संसार केला, पण तिचे हात मी कधी असे बघितलेच नव्हते. बोटांची पेरं जाड झालेली. उजव्या हाताचं मधलं बोट बॉल लागून कधीतरी मोडलेलं, ते वाकडंच जुळलेलं. तळव्यावर घट्टे. मी तासन् तास ते हात बघत बसायचो, कारण बघावंच लागायचं, नजर हलवली तर शब्द निसटायचा. पुढे पुढे असं झालं की तिचा हात हलला आणि मी ओरडलो, याच्या मधे मी काही विचार करतोय असं मला वाटेनासं झालं. ती बोलायची आणि माझ्या तोंडून यायचं. एवढे जवळ आम्ही तरुणपणीही नव्हतो. आणि हे सुख तिचा गळा कापल्यावर माझ्या वाट्याला आलं, याची मला लाज वाटायची आणि राग यायचा. कोणावर काढणार?

सेमीफायनल जिंकलो त्या आठवड्यात तिला पाणी गिळवेना. पुन्हा दवाखाना, पुन्हा तपासण्या. आजार उलटला होता आणि पसरला होता. डॉक्टरांनी या वेळी मला एकट्याला बाहेर बोलावून सांगितलं. आत आलो तर माझं तोंड बघूनच तिला कळलं. बागेत तेव्हा तोडणी चाललेली. माल काळाभोर, टपोरा, बऱ्याच वर्षांत असा आला नव्हता. हिराबाई एक घड घेऊन एसटीने पुण्याला आली. शैलाला खाता येत नव्हतं. तिने तो नुसता हातात धरला, एक एक मणी बोटाने चाचपून बघितला, आणि विरळणी चांगली झालीय अशी मान डोलावली.

फायनल रविवारी दुपारी होती. मी जाणार नव्हतो. तिने दाराकडे बोट केलं. मी म्हटलं, "तू नाहीस तर मी तिथं जाऊन करू काय? माझ्याकडे नुसता घसा आहे, शैला." तिने पुन्हा बोट केलं. मी मान फिरवली. तशी तिने उशाची वाटी माझ्या अंगावर फेकली. एवढी ताकद तिच्यात उरली होती. मग ओठ हलले. "बाक रिकामा नको."

हिराबाई पलंगाशी जमिनीवर बसली होती. म्हणाली, "जावा भाऊ. मी हाये हितं. हालत न्हाई."

मी गेलो. बाकावर बसलो. शेजारची खुर्ची मोकळी. मुली येऊन त्या खुर्चीला हात लावून मैदानात गेल्या. सामना सुरू झाला आणि मी मुका. सवयीने सारखी डावीकडे मान वळायची, आणि तिथे हात नसायचे. सेक्रेटरींनी दुसऱ्या एका बाईंना नावाला कोच म्हणून बसवलं होतं, त्याही मुलींना काही बोलल्या नाहीत. आम्ही मागे पडत गेलो. शेवटच्या टप्प्यात टाइमआउट घेतला. सगळ्या घामाघूम होऊन माझ्याभोवती गोळा झाल्या आणि माझ्या तोंडाकडे बघायला लागल्या. मी तोंड उघडलं. त्यातून काही आलं नाही. डोळ्यांतून मात्र आलं.

स्नेहलने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "काका, तुम्ही बसा."

आणि मग त्या आपापसात बोलायला लागल्या. एक म्हणाली, डाव्या बाजूला दाटी होतेय. दुसरी म्हणाली, मी बाहेर सरकते, तू आत ये. तिसरी म्हणाली, डिपिंग करू, त्यांना दमवू. शब्द शैलाचे, ठेका शैलाचा, खेकसणंसुद्धा शैलाचं. मी खाली बसून ऐकत होतो. त्या गेल्या आणि जिंकून आल्या. अगदी शेवटाला, पण जिंकल्या. एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या, कप माझ्या हातात दिला, सेक्रेटरी मला मिठी मारून हमसून रडले.

दवाखान्यात वर एकालाच सोडत होते. मुली खाली थांबल्या, मी कप घेऊन वर गेलो. शैला जागी होती. कप बघितला आणि डोळे मिटून घेतले, मग उघडले. ओठ हलले, "टाइमआउटला काय सांगितलंत?"

मी आनंदात होतो. तिला यासारखं दुसरं बक्षीस नाही असं मला वाटत होतं. म्हटलं, "काहीच नाही. माझ्या तोंडून शब्दच फुटला नाही. पण बघ की, त्यांचं त्यांनीच सगळं केलं. आपापसात बोलल्या आणि जिंकून आल्या. कोणाची गरजच पडली नाही!"

ती हसली. खरंच हसली, अभिमानाने, तिच्या मुली जिंकल्या की हसायची तशी. हसता हसता छताकडे बघायला लागली. डोळ्यांतून पाणी येऊन कानांत उतरत होतं, ते तिने पुसलं नाही. मग तिने दोन्ही हात उचलले. एकाला सलाईनची नळी होती, तो जरा अडखळला. ते हात तिने छातीशी एकमेकांवर आडवे धरले आणि माझ्याकडे बघत तसेच धरून ठेवले. मैदानात खेळाडू बदलायचा असला की बाकावरून अशीच खूण करतात. हिला बाहेर घ्या, दुसरीला आत सोडा.

"भाऊ," हिराबाईने विचारलं, "काय म्हणत्यात वैनी?"

सगळा हंगाम त्या हातांनी जे जे सांगितलं ते मी हॉल दणाणून ओरडलो होतो.

"थंडी वाजतीय म्हणतीय," मी म्हटलं.

शैला माझ्याकडे बघत राहिली. हिराबाई उठली, पायाशी पडलेलं ब्लँकेट झटकलं आणि तिच्या हातांवरून गळ्यापर्यंत नीट पांघरलं.